चेहऱ्यासकट, नावासकट

परवा सकाळी डोनाऊ पुन्हा नाहीशी झाली. पुलावरून गाडी नेताना डाव्या हाताला नदी असते हे मला ठाऊक आहे म्हणून ती आहे, एरवी कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला, नोव्हेंबर असाच येतो. तीन-तीन आठवडे ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, दुपारी चारला स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. ऑफिसातले लोक मेणबत्त्या काढतात आणि म्हणतात, किती छान, आता घरात बसायचे दिवस आले. त्यांचा नोव्हेंबर त्यांना लखलाभ. माझं या महिन्याशी भांडण आहे आणि ते मिटवायची मला घाई नाही.

वास मात्र आवडतात या महिन्याचे, कबूल करते. ओल्या पानांचा, पहिल्यांदा हीटर लावल्यावर जळणाऱ्या धुळीचा, डब्याच्या तळाशी उरलेल्या चिवड्याचा. दिवाळी होऊन गेलेली असते, चकल्या मऊ पडलेल्या असतात आणि तरी त्या कुणी टाकत नाही. सकाळी मी गाडीची काच खरवडते, आत बसते, किल्ली फिरवते आणि दरवर्षी एक क्षण थांबते. तेवढ्यात चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर शेजारच्या सीटवर येऊन बसतो. मी त्याला हाकलत नाही. बस म्हणते, पट्टा लाव.

माझं काम दारांचं आहे. गाडीच्या दाराभोवती काळ्या रबराची एक पट्टी असते, तिच्याकडे कुणी कधी बघत नाही. मी बघते. पाणी आत येऊ नये, वाऱ्याची शिटी वाजू नये, आणि दार लावलं की आवाज कसा भरदार यावा. गेली पंधरा वर्षं मी दारं नीट बंद व्हावीत म्हणून पगार घेते आहे. आणि चार वर्षांपूर्वी, एका सोमवारी, मला माझ्याच गाडीचं दार उघडता आलं नाही.

शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. पैठणी, नथ, मधूनमधून विनोद. लोक म्हणाले, वनिता, तुझ्यासारखी एनर्जी नाही बाई कुणात. सोमवारी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि हात दाराच्या खटक्यापर्यंत गेलाच नाही. दुखत काही नव्हतं. रडूही येत नव्हतं. बाहेर धुकं होतं, आत माझ्या श्वासानं काचा धुरकट होत गेल्या, आणि थोड्या वेळानं मला कुणी दिसेना, मी कुणाला दिसेना. बरं वाटलं. भीती मला त्याचीच वाटते अजून, की तेव्हा बरं वाटलं होतं.

तासाभरानं गेटवरच्या रखवालदारानं काचेवर टकटक केलं. मोठ्या मिशांचा म्हातारा बव्हेरियन. ‘पास्ट?’ त्यानं विचारलं. म्हणजे, ठीक ना? या भागात सगळे सगळ्याला हेच विचारतात आणि सगळे हेच उत्तर देतात. ‘पास्ट,’ मी म्हणाले. तो गेला नाही. बाहेरून त्यानंच दार उघडलं.

आदल्या वर्षभराची कहाणी मी लावत बसत नाही. झोप गेली होती, आमटीत मीठ आहे की नाही ते जिभेला कळत नव्हतं, आणि माझ्या लेकीवर, सात वर्षांच्या इरावर, मी एकदा बुटाच्या नाडीवरून इतकी ओरडले होते की पोरगी बाथरूममध्ये कडी लावून बसली. या सगळ्याला मी ‘कामाचा ताण’ म्हणत होते. डॉक्टरीण बाईंनी त्याला दुसरं नाव दिलं आणि आजारपणाची चिठ्ठी लिहिली. पुढे आल्गॉयच्या डोंगरात, एका तळ्याकाठी, सहा आठवड्यांची रेहा, म्हणजे तिथेच राहून घ्यायचे उपचार, मिळाली. इथे पाठ मोडली तरी रेहा आणि मन मोडलं तरी रेहा, दोन्हींचा अर्ज एकाच रंगाचा. मला त्या अर्जाचं फार कौतुक वाटलं होतं.

तिथे रोज सकाळी गोल बसायचं आणि आज कसं वाटतंय ते सांगायचं. माझं जर्मन बी-टू, म्हणजे मधल्या पायरीचं. घरमालकाशी हीटिंगवरून भांडता येतं, रबराच्या जाडीवर तासभर बोलता येतं. आतून पोकळ झाल्यासारखं वाटतंय हे कसं म्हणायचं ते पुस्तकात नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, ‘पास्ट.’ शेजारी एक रिटायर्ड खाटीक बसला होता, तो हसायलाच लागला. ‘हो, हो,’ तो म्हणाला, ‘आम्ही सगळेच पास्ट आहोत. म्हणून तर इथे गोल करून बसलोय.’ वर्षभरात पहिल्यांदा मी हसले ती त्या खाटकामुळे.

इकडे घरी मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कराडला फोन करून आईंना सांगितलं की कंपनीनं वनिताला सहा आठवडे ट्रेनिंगला पाठवलंय. डोंगरात. खर्च सगळा तिकडचा. त्यातलं सहा आठवडे आणि डोंगर तेवढं खरं होतं. मंदारला मी वाईट म्हणणार नाही. त्या सहा आठवड्यांत त्यानं डबे केले, इराच्या वेण्या घातल्या, दर रविवारी तीन तास गाडी चालवून मला भेटायला आला. फक्त काय झालंय ते त्याच्या तोंडून फुटत नव्हतं. त्यानं ताकास तूर लागू दिली नाही, आणि मीही दिली नाही. तळ्याकाठचा फोटो मीच पाठवला होता, सुजलेल्या डोळ्यांवर काळा गॉगल चढवून.

माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी तो फोटो निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या सूनबाईंची जर्मनीत उच्च प्रशिक्षणासाठी निवड.’ टाळ्यांचा पाऊस पडला. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. महिला मंडळानं सत्कार ठेवला आणि माझ्या वतीनं शाल-श्रीफळ आईंनी स्वीकारलं. त्या सत्काराचं चित्रण मी क्लिनिकच्या खोलीत बघितलं, औषधानं जीभ जड झालेली, आणि फोनवर त्यांना म्हणाले, ‘थँक यू, अहो आई.’

खोटं बोलायला दोन मिनिटं लागतात. पुढे ते सांभाळणं ही दुसरी नोकरीच. ट्रेनिंग कसलं होतं? मग बढती कधी? आईंना सर्टिफिकेटचा फोटो हवा होता, फ्रेम करून लावायला. मंदार म्हणाला, ते कॉन्फिडेन्शियल असतं. दोन वर्षं हे चाललं. आमच्या घराची म्हण एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ माझी होती आणि बोटं दुखत होती, हे कुणी विचारातच घेत नव्हतं.

नंतर मी गावातल्या एका गटात जायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण, सगळे माझ्यासारखेच कुठेतरी बंद पडून पुन्हा चालू झालेले. तिथे एकदा उल्रीके आली. साठीची, पांढरे आखूड केस, एक गुडघा अधू, गळ्यात कॅमेरा. तिला मनावरच्या व्रणांचं एक प्रदर्शन करायचं होतं. प्रत्येकाचा एक मोठा फोटो आणि तीन मिनिटांची एक फिल्म. फिल्ममध्ये फक्त हात दिसणार आणि आवाज ज्याच्या-त्याच्या मातृभाषेत, खाली जर्मन ओळी. तिनं एक कागद वाटला. त्यावर दोन चौकोन होते. चेहऱ्यासह, चेहऱ्याशिवाय. मी विचार न करता पहिल्यावर खूण केली. विचार केला असता तर केली नसती, म्हणून केला नाही.

उल्रीकेशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं. तिला माझा फोटो तळ्याकाठी काढायचा होता. सकाळचं ऊन, मागे डोंगर, चेहऱ्यावर शांतपणा. खाली ‘हाइलुंग’, म्हणजे बरं होणं, या शब्दाखाली तो लागणार. मी म्हटलं, त्या तळ्याकाठचा एक फोटो माझा आधीच काढून झालाय आणि त्यावर पेढे वाटले गेलेत. तिला कळलं नाही, मग मी सगळं सांगितलं. म्हटलं, मी बरी झाले असं मी कुठे म्हटलं? मी कामावर जाते. गोळी अर्ध्यावर आली आहे. काही सकाळी गाडीत पाच मिनिटं जास्त बसते. यात उन्हाचं काय काम? ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, म्हणाली, ‘गेनाऊ, अगदी बरोबर. मग कुठे?’

पार्किंगमध्ये, मी म्हणाले.

पहाटेच्या पाळीची माणसं आत गेली होती, ऑफिसची यायची होती. परवानगीचं पत्र उल्रीकेनं मिळवलं होतं. धुकं इतकं की पांढऱ्या पट्ट्यासुद्धा चार-पाच गाड्यांपलीकडे संपत होत्या. मी त्याच जागी गाडी लावली. दार उघडं, एक पाय बाहेर, एक आत, हात मांडीवर. तिनं हस म्हटलं नाही, गंभीर हो म्हटलं नाही. तासभर थंडीत आम्ही दोघी तिथे होतो. मला वाटलं होतं मी थरथरेन. उलट मला राग आला होता, चांगला सणसणीत, आणि तो त्या फोटोत दिसतो. लोक त्या फोटोकडे बघून एक पाऊल मागे सरकतात, हे मी नंतर स्वतः पाहिलं. मला ते आवडलं.

हातांचं काय करायचं हे तिनं विचारलं तेव्हा मी दाराच्या रबरावरून अंगठा फिरवून दाखवला. ही आमच्या कामातली सवय. ती पट्टी एका लांब तुकड्याची असते, दोन टोकं एकमेकांना जोडून तिचं कडं करतात. तो जोड डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवते, डोळे मिटा आणि जोड शोधा. जोड नसलेली पट्टी नसते. तो कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं, आणि तो नीट धरलाय ना ते अधूनमधून बघावं लागतं. फिल्ममध्ये तीन मिनिटं माझा अंगठा त्या रबरावरून फिरतो. वरून माझा आवाज, मराठीत.

मंदारनं फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाला, ‘चांगला आहे. पण चेहरा कशाला?’

‘माझा आहे म्हणून.’

‘वनी, आई येतेय याच महिन्यात. तिला काय सांगणार आहेस? इथली सगळी आपली माणसं बघणार. माझ्या टीममधले बघणार.’

‘बघू देत की.’

‘तुझं ठीक आहे, तू बोलून मोकळी होशील. आईला कराडला परत जाऊन राहायचंय त्या लोकांत.’

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. मंडळाच्या सुजाताताई तर घरी आल्या. प्रेमळ बाई, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. म्हणाल्या, ‘अगं फोटो काढलास तर काढलास, पण पाठमोरा काढायचा. कशाला हात दाखवून अवलक्षण? उद्या इराच्या लग्नाचं बघायचं असेल तेव्हा लोक शोधून काढतात गं.’ इरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शेजारच्या खोलीत लेगो खेळत होती.

शेवटी मंदारशी तह झाला. चेहरा राहील, नाव नाही. फोटोखालच्या पाटीवर फक्त ‘व्ही., इंजिनियर’. तसंही माझ्या नावाचा इथे खेळखंडोबाच आहे. लग्नानंतरच्या पासपोर्टवर आपल्या पद्धतीनं मध्ये नवऱ्याचं नाव आलं, आणि जर्मन ऑफिसांनी तेच माझं आडनाव धरलं. दवाखान्यात पुकारा होतो, ‘फ्राऊ मंदार,’ म्हणजे श्रीमती मंदार. पंधरा वर्षं मी उठून आत जाते आणि नवऱ्याच्या नावानं रक्तदाब मोजून घेते. तेव्हा नाव गेलं तर गेलं, असं मी स्वतःला समजावलं. समजूत पटली नव्हती.

आई आल्या. विमानतळावरूनच धुकं सुरू झालं. त्या गाडीच्या खिडकीतून बघत म्हणाल्या, ‘असल्या दिवशी मी प्रार्थना वर्गात घ्यायची.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराचा ताबा घेतला. इरा त्यांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि त्या तिला मराठीत दामटायच्या, दोघींचं छान जमायचं. पाचव्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, तुर्की दुकानातली, मातीसकट. प्रदर्शनाला तीन दिवस होते. मी समोर बसले आणि बोलून टाकलं.

‘अहो आई, ते ट्रेनिंग नव्हतं.’

‘कुठलं?’

‘डोंगरातलं. मी आजारी होते. मनानं. तो दवाखाना होता. तुम्हाला खोटं सांगितलं, आम्ही दोघांनीही.’

त्यांचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. त्या म्हणाल्या, ‘मग मी पेढे कशाचे वाटले?’

इरा फ्रिजमधून दूध घेत होती. ती वळून म्हणाली, ‘मामा वार हाल्ट क्रांक, आजी. ना उंड?’

‘काय म्हणतेय ती?’

‘म्हणतेय, आई आजारी होती, मग त्यात काय.’

आईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेथीची परात उचलली आणि त्या ओट्याकडे गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मीठ, पोळ्या किती, मोजे कुठे वाळत टाकू. मी रात्री मंदारला म्हटलं, आता तुला हवं तेच होईल, त्या येणारच नाहीत. मला फार वाईट वाटलं होतं आणि तरी मला शब्द परत घ्यायचे नव्हते.

रविवारी सकाळी त्या काठपदराची साडी, वर स्वेटर, त्यावर मंदारचं जाकीट अशा तयार होऊन दारात उभ्या. ‘चला,’ म्हणाल्या. ‘मुलांनी केलेलं प्रदर्शन मी कधी चुकवलेलं नाही.’

नदीकाठी विटांचं एक जुनं गोदाम आहे, तिथे ते होतं. एका टेबलावर केक आणि कॉफी, आणि भिंतींवर माणसं. एक बसड्रायव्हर, हातमोजे हातात घेऊन. एक म्हातारी, कुत्र्याचा पट्टा धरलेली, पट्ट्याला कुत्रा नाही. गार्चिंगच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी, पाठमोरा. त्याच्या मनगटाला लाल धागा होता आणि खांदे आपल्याकडच्या मुलांचे होते. पाटीवर नाव नव्हतं. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. चेहरा दाखवायची ताकद माझ्यात आली तेव्हा माझी नोकरी पक्की होती, नवरा बाजूला होता. त्याचं काय होतं कोण जाणे. तो आला होता उल्रीकेपुढे, तेवढंही पुष्कळ होतं.

आई माझ्या फोटोपाशी थांबल्याच नाहीत. शेजारी छोटा पडदा होता, तिकडे गेल्या. पदर डोक्यावरून सारखा करून हेडफोन लावला. भोवती पाच-सहा जर्मन लोक खालच्या ओळी वाचत होते. त्या सगळ्या गोदामात, मंदार आणि मी सोडून, ते शब्द नुसते ऐकून कळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मला माझा आवाज ऐकू येत नव्हता, पण काय चाललंय ते पाठ होतं. गाडीचं दार खराब नव्हतं. माझा हात उठत नव्हता. मी घरी सांगितलं की ट्रेनिंग आहे, कारण आमच्याकडे पाय मोडला तर लोक भेटायला येतात आणि मन मोडलं तर आपणच घराला कुलूप लावतो. मी पूर्ण बरी आहे असं म्हणणार नाही. पण मी काही गुन्हा केलेला नाही, आणि मी तोंड लपवून फिरणार नाही.

तीन मिनिटं संपली. पुन्हा सुरू झाली. आईंनी ती तीनदा ऐकली. मग हेडफोन काढून जागेवर ठेवला आणि मंदारला विचारलं, ‘तू चौथीत होतास तेव्हा तुझे बाबा वर्षभर घरी होते. काय झालं होतं त्यांना?’

‘पोटाचं दुखणं,’ मंदार म्हणाला. ‘अल्सर.’

‘कुणी सांगितलं तुला?’

‘तूच.’

‘पोट ठणठणीत होतं त्यांचं.’ त्या वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात बोलत होत्या. ‘भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी त्यांना दर महिन्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायची, पहिल्या एसटीनं, कुणी बघू नये म्हणून. शाळेत पोट सांगितलं. माझ्या आईला पोट सांगितलं. तुला पोट सांगितलं. त्यातून ते उठले, अकरा वर्षं पुन्हा शिकवलं त्यांनी, मग हार्टनं गेले. आणि त्या उठण्याचं मला कधी कुणाजवळ कौतुक करता आलं नाही. पोट बरं झाल्याचं काय कौतुक करणार?’

मंदार खाली बसला. तिथे एक लाकडी बाक होता म्हणून बरं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून हा माणूस पोटाला जपत आला आहे, तिखट खात नाही, वडिलांचं घेतलं असेल म्हणून. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही मी येऊ दिलं.

आई आता माझ्या फोटोसमोर गेल्या. चष्मा बदलला. फोटो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि पाटीवर आल्या. ‘हे काय? व्ही.?’

‘असंच ठरलं होतं,’ मी म्हणाले.

‘नाव पूर्ण लिहावं. आद्याक्षरावर मी कधी कुणाचा पेपर घेतला नाही.’ त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. मी उल्रीकेकडे पाहिलं. ती लांबून बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण पेन कळलं असावं. तिनं मान हलवली.

मी देवनागरीत ‘वनिता’ लिहिलं आणि थांबले. पुढचं नाव माझं नव्हतं. चेहरा मला माझ्या जिवावर दाखवता येत होता, पण आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव लिहायचं तर नवऱ्यालाही भिंतीवर यावं लागतं. या मधल्या नावाचा मी इतकी वर्षं राग राग केला होता. आता ते लिहायचं की नाही हे ठरवायचा हक्क मला वाटेना. मी मंदारकडे पाहिलं. तो उठला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘मंदार’ त्यानं स्वतः लिहिलं, त्याच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मी पुढे ‘जगदाळे’ लिहिलं.

‘अक्षर काही सुधारलं नाही तुझं,’ आई त्याला म्हणाल्या.

त्या दुपारी त्या चष्मा लावून फोनवर पाऊण तास टाइप करत होत्या. ग्रुपवर गेलं ते असं: ‘शुद्धिपत्र. दोन वर्षांपूर्वी मी येथे सूनबाईंच्या प्रशिक्षणाबाबत लिहिले होते. ते चूक होते. ती मनाने आजारी होती व उपचार घेत होती. सोबत तिचा फोटो. पेढे परत मागू नयेत.’ टाळ्या या वेळी पाच-सहाच आल्या. एक बाई ग्रुप सोडून गेल्या. पण त्या आठवड्यात आईंना तिघींचे फोन आले, आणि तिन्ही वेळा त्या बाल्कनीत गेल्या, काचेचं दार लावून, थंडीत उभ्या राहून बराच वेळ ऐकत राहिल्या. सुजाताताईही प्रदर्शन बघून आल्या. म्हणाल्या, ‘छान आलाय गं फोटो, फक्त साडी नेसायची होतीस.’

याला दोन वर्षं झाली. लोक विचारतात, आता पूर्ण बरी ना? मी म्हणते, तुम्ही आहात का? गोळी आता बंद आहे, पुन्हा लागली तर पुन्हा घेईन. परवाच्या धुक्यात मी गाडीत चार मिनिटं बसले. मग दार उघडलं आणि आत जाऊन नव्या मुलांना जोड शोधायला शिकवलं. इरा आता अकराची आहे, हल्ली मराठीत उत्तरं देते, तीही फक्त भांडताना.

प्रदर्शन संपल्यावर उल्रीकेनं तो फोटो मला दिला होता. आई तो गुंडाळी करून कराडला घेऊन गेल्या. यंदा भाऊबीजेच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा त्यांच्या बैठकीच्या खोलीची भिंत दिसली. सर्टिफिकेट लावायला राखून ठेवलेल्या जागी मी, एक पाय गाडीबाहेर. शेजारी सासऱ्यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. त्याच्याखाली कागदाची एक नवी पट्टी चिकटवलेली होती. मंदार फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागला. आईंचं वळणदार अक्षर. ‘दत्तात्रय रामचंद्र जगदाळे, शिक्षक. एक वर्ष...’

‘पुढचं दिसत नाही, आई,’ तो म्हणाला. ‘हार आड येतोय.’

‘एक वर्ष मनाने आजारी होते, त्यानंतर अकरा वर्षे शिकवले, असं आहे,’ आई म्हणाल्या. मग त्यांनी वळून फोटोकडे पाहिलं. ‘थांब. हारच काढते.’

आणि त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि हार काढून ठेवला.